वारा न विचारता बेट विकणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव या पत्रात मी लिहीत नाही. ते पावतीवर आहे, पावती माझ्याकडे आहे, आणि जिथे लिहायचं तिथे मी ते लिहीनच. पत्र मात्र उघड लिहिते. तुमच्यासारखाच पत्रकांचा गठ्ठा घेऊन उद्या कुणी कळंबला, भूमला, बार्शीला उभा राहील. तिथल्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचलेलं असावं, एवढ्यासाठी.

मी तेरखेड्याची. फटाक्याच्या कारखान्यात हजेरीची आणि मालाची वही ठेवते. सोलापूर-धुळे महामार्गावरून जाणाऱ्याला आमचं गाव फटाक्यांसाठी माहीत असतं. तुम्हालाही ते तसंच माहीत झालं. दिवाळी आटोपली की इथला हंगाम उतरतो, राहिलेली मजुरी हातात पडते, तरुण पोरांना चार दिवस मोकळे मिळतात. हे तुम्ही अचूक हेरलंत. आमच्याकडे पैसा कोणत्या महिन्यात येतो याचा तुमचा अभ्यास पक्का होता. वारा कोणत्या महिन्यात येतो याचा अभ्यास तुम्ही केला नाहीत, आणि तुम्ही विकत होतात तो तर वाराच.

तुमचं पत्रक समोर ठेवून लिहिते आहे. वर निळं-हिरवं पाणी आणि रंगीत पतंग, खाली पांबनचा नवा पूल. "उष्ण कटिबंधातलं बेट. काइटबोर्डिंग. नवशिक्यांसाठी खास. पोहता येण्याची गरज नाही. दोन दिवसांत पाण्यावर स्वार." बेट खरं आहे, रामेश्वरचं. पूलही खरा आहे, ६ एप्रिल २०२५ ला त्याचं उद्घाटन झालं. बाकीचं प्रत्येक वाक्य तुम्ही कुणालाही न विचारता छापलंत.

आमच्या गावातून पाच जण गेले. माझा भाचा, त्याचे दोन मित्र आणि दोन मुली. मुलींपैकी एक नर्सिंग शिकते, दुसरी कारखान्यात वाती लावते. पाचांत समुद्र आधी पाहिलेला एकच, तोही शाळेच्या सहलीत. पोरं निघाली तेव्हा गल्लीतली काही माणसं हसली. उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी धरून वाढलेली पोरं समुद्रावर पतंगाला लटकायला निघाली, म्हणून हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. रामेश्वर आमच्याकडे कधीच परकं नव्हतं. काशी-रामेश्वर करून आलेली म्हातारी माणसं इथे घराघरांत होती. रामेश्वरची वाळू काशीला गंगेत सोडायची आणि गंगेचं पाणी आणून रामेश्वराला घालायचं, यासाठी त्यांनी आयुष्यभर पै-पै जोडली. ज्या बेटावर आजोबा देवाच्या ओढीने गेले, तिथेच नातवाला वारा अंगावर घ्यायचा होता. दोन्ही इच्छा मला सारख्याच मोलाच्या वाटतात. तुम्ही त्यातली एक चार रंगांत छापून विकलीत, म्हणून हा राग आहे.

आता तुम्ही काय विकलंत ते तुम्हालाच सांगते, कारण फोनवर बोलताना मला कळलं की ते तुम्हाला माहीत नाही. काइटबोर्डिंग म्हणजे हवा भरलेला मोठा पतंग चार-पाच दोऱ्यांनी कंबरेच्या पट्ट्याला जोडायचा आणि पायाखालच्या फळीवर उभं राहून त्याच्या ओढीने पाणी कापत जायचं. दोऱ्या वीस मीटरहून लांब असतात. पाण्यात पडला तरी पुन्हा उठू शकेल अशा फुगवायच्या पतंगाचं पेटंट ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू या फ्रेंच भावांनी १९८४ मध्ये घेतलं, आणि तिथून हा खेळ वाढत वाढत २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत पोचला. त्याच्या शर्यती मार्सेलच्या समुद्रावर झाल्या. तिथे कांस्यपदक मिळवणारा सिंगापूरचा मॅक्स मेडर सतरा वर्षांचा होता. माझ्या भाच्याने त्याचा व्हिडिओ मला दाखवला होता. "आत्या, हा माझ्यापेक्षा लहान आहे," असं म्हणाला होता.

त्याच मार्सेलची एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. वारा पडला म्हणून तिथे पदकाच्या शर्यती पुढे ढकलल्या. जगभरातले खेळाडू, पंच, कॅमेरे सगळे किनाऱ्यावर थांबून राहिले, कारण वाऱ्याशिवाय हा खेळच नाही. ऑलिंपिकवाल्यांना वाऱ्यासाठी थांबावं लागतं. तुमच्या पत्रकात मात्र तारीख आधी ठरते, बस आधी ठरते, हॉटेल आधी ठरतं आणि वाऱ्याचा उल्लेख कुठेच येत नाही.

रामेश्वरचा, म्हणजे पांबन बेटाचा वारा समजून घ्यायला हवामानशास्त्रज्ञ व्हावं लागत नाही. तिथे वर्षात दोन वारे आहेत. साधारण मे ते सप्टेंबर नैऋत्येचा, आणि डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च ईशान्येचा. दोन्ही दिवसचे दिवस एकसारखे वाहतात, म्हणून देशभरातले शिकाऊ त्या बेटावर जातात. समुद्रापलीकडे श्रीलंकेत कल्पिटियाला जो काइटबोर्डिंगचा हंगाम चालतो, तोही याच दोन वाऱ्यांवर. या दोहोंच्या मधे ऑक्टोबर-नोव्हेंबर येतो. नैऋत्येचा वारा गेलेला असतो, ईशान्येचा अजून बसलेला नसतो. तामिळनाडूचा मुख्य पाऊस तेव्हाच सुरू होतो आणि बंगालच्या उपसागरात वादळं उठण्याचा काळही तोच. दिवसभर झाडाचं पान हलत नाही, आणि मग एखादा काळा ढग येतो आणि घटकाभर सगळं उलटंपालटं करतो. शिकायला निघालेल्या माणसासाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ कोणता, असं कुणी विचारलं तर बोट याच आठवड्यांवर ठेवावं लागेल. तुम्ही आमच्या पोरांना नेमकं तेव्हाच नेलंत.

धनुष्कोडी तुम्ही त्यांना दाखवलंत, फोटोही काढलेत. ते गाव तसं का पडलं आहे हे सांगितलंत का? १९६४ च्या डिसेंबरात २२ आणि २३ तारखेच्या मधल्या रात्री चक्रीवादळ आलं. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी माणसांसकट समुद्राने ओढून नेली, गाव उद्ध्वस्त झालं, आणि ते पुन्हा कधी नांदतं झालं नाही. त्या पडक्या चर्चसमोर आणि रेल्वेच्या अवशेषांसमोर पोरांना हसतमुख उभं करणाऱ्या माणसाला हवामान खात्याचं रोजचं पत्रक उघडून पाहावंसं वाटलं नाही, हे मला अजून कळत नाही. ते फुकट असतं.

आमच्या भागात वारा ओळखणारी माणसं आहेत. वाशी, भूम, कळंब या पट्ट्यात पवनचक्क्या उभ्या राहिल्या. त्यांच्या मोबदल्यावरून शेतकऱ्यांना किती झगडावं लागलं तो वेगळा विषय आहे, आणि त्यात मी शेतकऱ्यांच्या बाजूची आहे. पण पवनचक्कीवाले पंखा उभारण्याआधी मनोरा रोवून महिनोन्‌महिने वारा मोजतात, हे आमच्या गुराख्यांनाही माहीत आहे. तुम्ही त्याच रस्त्याने, त्याच पंख्यांखालून आमच्या गावात आलात.

"नवशिक्यांसाठी खास" हे शब्द तुम्ही सर्वात मोठ्या टायपात छापलेत. या शब्दांना अर्थ आहे. पाणी कमरेइतकं असावं, तळ वाळूचा असावा, लाट नसावी, म्हणजे पडलेला माणूस उभा राहू शकतो. वारा साधारण १२ ते १८ नॉट असावा, आपल्या हिशोबात ताशी २२ ते ३३ किलोमीटर, आणि तो धक्के देणारा नसावा. दिशा तर सगळ्यात महत्त्वाची. वारा किनाऱ्याला तिरका आणि थोडा किनाऱ्याकडे येणारा हवा, म्हणजे हातून काही चुकलं तर तो तुम्हाला हळूहळू काठाला आणून सोडतो. किनाऱ्यावरून समुद्राकडे जाणारा वारा असेल तर उघड्या पाण्यात नवशिक्याला उतरवायचंच नाही. पांबन बेटाची एक बाजू पाल्क उपसागराला आणि दुसरी मन्नारच्या आखाताला लागते. एका बाजूला जो वारा काठाला आणतो, तोच दुसऱ्या बाजूला समुद्रात नेतो. कोणत्या दिवशी कोणत्या बाजूला उतरायचं, हे कळणारा माणूस बरोबर हवा. धनुष्कोडीच्या टोकापासून श्रीलंकेचं तलैमन्नार तीसेक किलोमीटरवर आहे, आणि सागरी सीमेवरून मच्छीमारांच्या बोटी धरल्या गेल्याच्या बातम्या आपण नेहमी वाचतो. बार्शीच्या बाजारात रस्ता चुकला तर विचारत विचारत परत येता येतं. तिथे विचारायला कुणी नसतं.

आणि शिकवण्याची एक रीत असते. पहिले काही तास जमिनीवर, दोन-तीन चौरस मीटरच्या लहान पतंगाने. पतंग डोक्यावर असताना ओढ कमी, समोर खाली आला की ओढ जास्त, हे हातांना कळेपर्यंत फळी हातातही घ्यायची नाही. मग पाण्यात नुसत्या अंगाने ओढलं जायचं, फळीशिवाय. मग पतंग पाण्यात पडला तर तो उठवायचा कसा, नाहीच उठला तर दोऱ्या गुंडाळून पतंगाचाच तराफा करून काठाला यायचं कसं. फळीवर उभं राहणं त्यानंतर. अंगात खेळ असलेल्या माणसालाही पहिल्यांदा नीट उभं राहून थोडं अंतर जायला साधारण नऊ-दहा तासांची शिकवणी लागते, तीही दोन-चार दिवसांत विभागलेली, तीही वारा असेल तर. शिकवणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय संघटना आहे, २००१ पासून ती प्रशिक्षकांना दाखले देते, आणि समोरचा माणूस दाखला असलेला आहे की नाही हे कुणालाही तपासता येतं. रामेश्वर बेटावर रीतसर शिकवणाऱ्या शाळा आहेत. तुम्ही पोरांना त्यांच्या दारापर्यंतसुद्धा नेलं नाहीत. तिथलं शुल्क वाचवलंत आणि भाड्याच्या जुन्या सामानासकट एक माणूस उभा केलात, ज्याला हिंदी येत नव्हती, मराठी येत नव्हती, आणि पोरांना तमिळ येत नव्हती. त्या माणसावर माझा राग नाही. त्याला दिवसाचे पैसे दिलेत, तो आला. मुलांना पोहता येत नाही, हे तरी तुम्ही त्याला सांगितलं होतंत का? आमची मुलं पाठीला भोपळा नाहीतर डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. या पाचांपैकी दोघांना तेही येत नव्हतं. "गरज नाही" असं तुम्हीच छापलं होतंत, म्हणून ती निर्धास्त आली.

पहिले दोन दिवस वारा नव्हता, पाऊस होता. पोरं हॉटेलच्या खोलीत पत्ते खेळली. तिसऱ्या दिवशी दुपारी थोडा वारा सुटला, आणि तुमचा फोन गेला की आजच्या आज उरका, संध्याकाळी निघायचं आहे. तुम्ही बार्शीत बसून हे सांगितलंत. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला समुद्रावर चढणारा काळा ढग दिसत होता. माझ्या भाच्यालाही दिसत होता. पण पैसे भरलेले होते, दिवस संपत आले होते, आणि साहेबांनी सांगितलं होतं.

पुढे काय झालं ते जमिनीवरच झालं, तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही. लहान पतंगावरचा सराव नाही, काही नाही, थेट बारा चौरस मीटरचा पतंग त्याच्या कंबरेला अडकवला. साठ किलोच्या मुलाला चौदा-पंधरा नॉटच्या वाऱ्यात नऊ-दहा चौरस मीटर पुरतो, आणि वारा पंचवीस नॉटवर गेला तर सहा-सातवर यावं लागतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ चौपट होते. चौदाचा वारा पंचवीस झाला तर ओढ तिपटीच्या वर जाते. पावसाचा ढग जवळ आला की त्याच्या पोटातून थंड हवा खाली कोसळते आणि पाऊस पडायच्या आधी जमिनीलगत पसरते. ती आली. भाचा उचलला गेला, वाळूवर आपटला, फरफटत गेला आणि काठावर ओढून ठेवलेल्या होडीला जाऊन थटला. खांदा निखळला, गळ्याजवळचं हाड मोडलं. वाऱ्याच्या दिशेला पन्नासेक मीटर तरी काही अडथळा नसावा, हा या खेळातला पहिल्या दिवसाचा धडा आहे. तुमच्या माणसाने होड्यांच्या रांगेसमोर पतंग उडवला.

पतंग कंबरेच्या पट्ट्याला जोडतात तिथे समोर एक लाल रंगाची कळ असते. ती ढकलली की पतंगाची सगळी ओढ एका क्षणात जाते. सामान अंगावर चढवायच्या आधी ती शिकवतात, डोळे मिटून तीनतीनदा करून घेतात. भाचा दवाखान्यातून मला म्हणाला, "ते लाल काय होतं ते मला नंतर कळलं." साहेब, तुमच्या सगळ्या सहलीचा हिशोब मी या एका वाक्यावर मांडला आहे.

तुम्ही फोनवर म्हणालात, "मॅडम, साहसी खेळ म्हटला की थोडंफार होणारच. तुमच्या गावाला तरी धोक्याचं काय नवल?" हे तुम्ही आमच्या गावाला बोललात, म्हणून गावाच्या वतीने उत्तर देते. तेरखेड्याने स्फोट पाहिले आहेत, माणसं गमावली आहेत. म्हणूनच धोका कसा हाताळायचा हे आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त कळतं. कारखान्यात शेड एकमेकींपासून दूर बांधायची, म्हणजे एका ठिकाणची आग दुसरीकडे जाणार नाही. एका शेडमध्ये ठरल्यापेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत. दारूजवळ लोखंडी अवजार न्यायचं नाही. आणि आभाळ गडगडायला लागलं की काम बंद, माणसं बाहेर, मग दिवाळी चार दिवसांवर असो नाहीतर व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असो. जिथे हे पाळलं नाही तिथे काय झालं, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं आहे. काळा ढग पाहून काम थांबवणं आमची वाती लावणारी पोरगी जाणते. त्या दिवशी किनाऱ्यावर तीच म्हणाली होती, की थांबू या. तिचं कुणी ऐकलं नाही, कारण ती नवशिकी होती आणि फोनवर जाणकार होते.

"थोडंफार होणारच" असं म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी पुढे कुठे जातात, हे आपल्याच किनाऱ्यावर दिसलं आहे. २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. १८ जानेवारी २०२५ ला गोव्यात केरीच्या पठारावरून पॅराग्लायडिंग करताना पुण्याची एक तरुणी आणि तिच्याबरोबरचा पायलट दोघंही गेले. साहसी पर्यटनाच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं धोरण महाराष्ट्र शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये आणलं. जमीन, पाणी आणि हवा तिन्हींवरचे खेळ त्यात आहेत. तुमच्या पत्रकावर नोंदणीचा क्रमांक शोधला, सापडला नाही. तुम्ही म्हणाल, खेळ तामिळनाडूत झाला. पैसे इथे घेतलेत.

दवाखान्याचंही सांगते, थोडक्यात. बेटावर प्राथमिक उपचार झाले, पुढे पन्नासेक किलोमीटरवर रामनाथपुरमला न्यावं लागलं. नर्सिंग शिकणाऱ्या मुलीने दुपट्ट्याची झोळी करून हात छातीशी बांधला होता. डॉक्टरांनी तिचं कौतुक केलं. तुम्ही "विमा समाविष्ट" असं छापलं होतंत. त्या विम्याचा कागद मी वाचला. साहसी खेळ त्यातून वगळलेले आहेत. बहुतेक प्रवासविम्यांत ते वगळलेलेच असतात, जादा हप्ता भरून जोडून घ्यावे लागतात. ते शंभर-दोनशे रुपये वाचवताना तुम्ही एका मजुराच्या घराला किती हजारांच्या खड्ड्यात टाकलंत, त्याची बिलं सोबत जोडली आहेत.

आता मला सर्वात जास्त झोंबलेली गोष्ट. हे सगळं नीट करता आलं असतं, आणि फारसं महागही पडलं नसतं. संक्रांत झाली की बेटावर ईशान्येचा वारा बसलेला असतो, पाऊस सरलेला असतो. आमच्याकडे तेव्हा ज्वारी निसवलेली असते, कारखान्यातही दिवाळीआधीची घाई नसते. जानेवारीचा शेवट, फेब्रुवारीची सुरुवात. वाऱ्याचं वेळापत्रक आणि तेरखेड्याचं वेळापत्रक एकमेकांत चपखल बसतात. तुम्ही एखाद्या शाळेला एक फोन केला असता, तर त्यांनीच हा महिना सांगितला असता. तीन महिने मिळाले असते, तेवढ्यात पोरांनी पोहणं शिकून घेतलं असतं. सहा-सात दिवस ठेवले असते, म्हणजे मधे दोन दिवस वारा पडला तरी शिकवणी पुरी झाली असती. रिकाम्या दिवसांत देवळाची बावीस तीर्थं, धनुष्कोडी, मन्नारच्या आखातातली प्रवाळं पाहिली असती. तुमच्या सहलीतल्या काचेच्या खोल्या आणि शेवटच्या रात्रीचा डीजे काढून टाकला असता, तर त्या पैशांत दाखला असलेला शिक्षक मिळाला असता. एका शिक्षकामागे दोन विद्यार्थी, डोक्यावर हेल्मेट, अंगात तरंगणारं जाकीट, पाण्यात मदतीची बोट. पोरांना डीजे नको होता. त्यांना पाण्यावर उभं राहायचं होतं.

त्या दोन मुली पुन्हा जाणार आहेत. मी त्यांना अडवणार नाही, त्यांच्या आयांनाही समजावलं आहे. या वेळी त्यांनी स्वतः चौकशी केली. प्रत्येक शाळेला विचारलं, की त्या आठवड्यात वारा नसेल तर पैशांचं काय? ज्या शाळेने आधी हेच सांगितलं, की न झालेल्या तासांचे पैसे आम्ही घेत नाही आणि वारा जास्त असेल तर तुम्हाला पाण्यात सोडत नाही, तीच त्यांनी निवडली. येडशीजवळच्या एका ओळखीच्यांच्या शेततळ्यात दोघी रोज पोहायला शिकताहेत, कमरेला दोर बांधून, काठावर एक थोरलं माणूस बसवून. भाचा काठावर बसतो. हात अजून पुरता वर जात नाही.

तुमच्याकडे माझ्या मागण्या चार आहेत. पाचही जणांच्या सहलीचे पूर्ण पैसे परत करा. माझ्या भाच्याच्या उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च द्या. पुढच्या तुकडीकडून घेतलेला इसार परत करा, कारण तीही सहल तुम्ही ऑक्टोबरातच ठेवली आहे. आणि पत्रक मागे घ्या. यासाठी हे पत्र छापून आल्यापासून पंधरा दिवस देते. त्यानंतर धाराशिवच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल होईल. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तुमचं कार्यालय कुठेही असलं तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्कही लागत नाही. दिशाभूल करणारी जाहिरात हा त्या कायद्यात वेगळा विषय आहे, आणि तुमचं पत्रक, पावती, विम्याचा कागद, दवाखान्याची बिलं आणि त्या दुपारच्या तुमच्या फोनची वेळ हे सगळं मी वहीत तारीखवार लावून ठेवलं आहे. वही ठेवणं हेच माझं काम आहे.

परवा बार्शीच्या बसस्थानकाशेजारी तुमचं तेच पत्रक पुन्हा पाहिलं. "नवशिक्यांसाठी खास" अजून तसंच आहे. ते आजच्या आज काढा.

तेरखेड्याची,
त्या मुलाची आत्या